निवडणुकीपुरती जमा होणारी हत्यारे

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त
(शस्त्र परवाना प्राधिकारी)

विषय : निवडणूक संपल्यावर परत दिल्या जाणाऱ्या हत्यारांबाबत.

माननीय महोदय / महोदया,

मी एका जिल्हाधिकारी कार्यालयातून निवृत्त झालेला अव्वल कारकून आहे. नोकरीची शेवटची अकरा वर्षं गृह शाखेत गेली आणि त्यातला बराच काळ शस्त्र परवान्याचं टेबल माझ्याकडे होतं. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. तिथले लोक ओळखतीलच, बाकीच्यांना त्याची गरज नाही. आयुष्यभर "मान्यतेस्तव सविनय सादर" लिहीत आलो, आज पहिल्यांदाच कोणाच्या मान्यतेची वाट न पाहता लिहितो आहे. भाषा कुठे कार्यालयीन झाली तर सवयीचा दोष समजावा.

आचारसंहिता लागली, की आमच्या शाखेत पहिली धावपळ व्हायची ती हत्यारांची. पोलिसांकडून याद्या यायच्या, छाननी समितीची बैठक व्हायची आणि मग नोटिसा सुटायच्या. आपले परवानाप्राप्त अग्निशस्त्र नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. बँकांचे पहारेकरी, खेळाडू असे थोडे लोक वगळले, तर बाकीच्यांची तक्रार ठरलेली असायची. "साहेब, आम्ही काय गुंड आहोत का?" तरीही जमा करायचे. मी एकदा कामासाठी एका ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गेलो होतो. भिंतीला टेकून बारा बोअरच्या बंदुका उभ्या, प्रत्येकीच्या नळीला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर नाव, गाव, परवाना क्रमांक. पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर मात्र कपाटात, कापडी पिशव्यांत. हवालदार म्हणाला, "एवढे दीड महिने झोप बरी लागते बघा."

तो गमतीत बोलला, पण मला ते वाक्य विसरता आलेलं नाही. कारण तो जमा करण्याचा आदेश म्हणजे सरकारची लेखी कबुली आहे. माणसं तीच, गावं तीच, भावकी तीच, वैरं तीच. फक्त हत्यार हाताशी नसलं, की भांडणाचा शेवट बदलतो, हे आपण दर निवडणुकीला मान्य करतो. आणि निकाल लागून आठवडा उलटला, की पुठ्ठ्याची चिठ्ठी सोडून बंदूक परत देतो. निवडणुकीत जे खरं असतं ते उरलेल्या काळात खोटं कसं होतं, हा माझा एकच प्रश्न आहे. बाकी सगळं पत्र त्याचाच विस्तार समजा.

2024 च्या फेब्रुवारीतला एक आठवडा आठवा. 2 तारखेला रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचं सीसीटीव्ही चित्रण सगळ्या राज्याने पाहिलं. वाद जमिनीचा होता. जखमी वाचले. खटला न्यायालयात आहे आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला फक्त एवढंच दिसतं, की ती खोली पोलिसांची होती आणि हत्यार परवान्याचं होतं. पुढच्या सहा दिवसांत दुसरी घटना. 8 तारखेला मुंबईत, दहिसर-बोरिवलीच्या आयसी कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याने समेटासाठी म्हणून बोलावलं होतं, आणि नंतर स्वतःवरही गोळी झाडली. ते पिस्तूल त्याचं नव्हतंच, त्याच्या अंगरक्षकाचं होतं. परवाना होता, पण उत्तर प्रदेशातला.

दोन्ही वेळा "बेकायदा शस्त्रांचा सुळसुळाट" म्हणून हात झटकता येत नाहीत. कुठल्या तरी टेबलावर कोणीतरी टिप्पणी लिहिली होती, कोणीतरी सही केली होती. मी ते टेबल सांभाळलंय, म्हणून हे मला टोचतं.

आता माझी स्वतःची फाइल सांगतो.

एका वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज आला होता. कारण लिहिलं होतं, शेतात एकटी वस्ती, चोरांचा उपद्रव, स्वसंरक्षण. पोलीस ठाण्याचा अहवाल अनुकूल. गुन्हा दाखल नाही, चारित्र्य चांगलं. मी लिहिलं, "सबब परवाना देण्यास हरकत नसावी." परवाना मिळाला. त्याने दोन नळ्यांची बारा बोअर घेतली.

चार वर्षांनी तीच फाइल माझ्यासमोर परत आली. आत पंचनाम्याची प्रत होती. बांधावरची बोर तोडल्यावरून भावाभावांत जुंपली होती. थोरला घरात गेला, बंदूक घेऊन आला आणि वीस-पंचवीस पावलांवरून झाडली. धाकटा तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला. थोरला कुठे पळाला नाही. ओट्यावर बसून होता, बंदूक शेजारी. जबाबात त्याचं वाक्य होतं, "मला फक्त भ्या दाखवायचं होतं."

त्या वस्तीवर जाऊन आलेल्या तलाठ्याने मला नंतर एक गोष्ट सांगितली, ती कुठल्याच कागदावर नव्हती. चौदा वर्षांपूर्वी हेच दोघे याच बांधावर भांडले होते. तेव्हा धाकट्याने थोरल्याच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला होता. सात टाके पडले. गावाने मिटवलं, तक्रार झालीच नाही, म्हणून पोलीस अहवालात काही आलं नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत दोघे एका पंगतीला जेवायला बसले होते. भांडण तेच, राग तितकाच, बहुतेक दांडा घालतानाचा राग जास्तच असेल. फरक घरात काय ठेवलेलं होतं एवढाच. मी परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव तयार केला, शस्त्र अधिनियमाचं कलम 17. "सबब परवाना रद्द करणे उचित होईल." एकाच फाइलीत माझ्याच अक्षरातल्या दोन टिप्पण्या, मध्ये जेमतेम अकरा पानं.

हे माझ्या एका फाइलीचं रडगाणं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 चे आकडे पाहा. देशात त्या वर्षी खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले, महाराष्ट्रात 2,295. खुनामागच्या कारणांत पहिला क्रमांक कशाचा? टोळीयुद्ध नाही, दरोडा नाही. वादविवाद. 9,962 गुन्हे केवळ भांडणातून. वैमनस्य 3,761 आणि आर्थिक लाभ 1,884, ही त्याखालची कारणं. म्हणजे आपल्याकडचा खून बहुतेक वेळा ठरवून, माणसं लावून होत नाही. जमीन, पाणी, पैसे, दारू, बायको, बांध, लग्नातला मानपान यावरून तोंडाला तोंड लागतं आणि हाताला जे सापडेल त्याने होतो.

आणि हाताला काय सापडतं यावर मरण ठरतं, हे काही माझं डोकं नाही. फ्रँकलिन झिमरिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1960 च्या दशकात शिकागो पोलिसांच्या नोंदी तपासल्या होत्या. चाकूचे हल्ले एका बाजूला, बंदुकीचे दुसऱ्या. भांडणं साधारण त्याच जातीची, करणारे लोकही तसेच, पुष्कळदा प्यालेले, आणि बंदुकीच्या बऱ्याच प्रकरणांत गोळी एकच झाडलेली, म्हणजे जीवच घ्यायचा असा निश्चय असलेला माणूस करेल तसं नव्हे. तरी बंदुकीच्या हल्ल्यात माणूस मरण्याचं प्रमाण चाकूच्या साधारण पाचपट निघालं. पुढे त्याच अभ्यासकाने लंडन आणि न्यूयॉर्कची तुलना केली. चोऱ्या आणि घरफोड्या लंडनमध्ये जास्त होत्या. मात्र लुटीत मेलेली माणसं न्यूयॉर्कमध्ये कितीतरी पटींनी अधिक. गुन्हेगारी एक गोष्ट, मरण दुसरी. पहिलीला कारणं शंभर असतील, दुसरीत हत्याराचा वाटा फार मोठा असतो.

अमेरिकेचं नाव निघालं की आपल्याकडे लोक एकदम दोन टोकांना जातात, म्हणून त्यावर थोडक्यात. 2021 साली तिथे बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. खून 20,958, म्हणजे त्या देशातल्या दर दहा खुनांत आठ बंदुकीने. शंभर माणसांमागे 120 बंदुका असा अंदाज 2018 मध्ये स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनिव्हातल्या संस्थेने दिला होता. त्याच तक्त्यात भारत शंभरामागे जेमतेम पाच. माझी भाची ओहायोत असते. तिच्या मुलाच्या शाळेत बालवाडीपासून "बंदूकवाला आला तर" याची कवायत घेतात. ती सांगते आणि मग लगेच विषय बदलते. आपण अमेरिका नाही, होणारही नाही, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण शंभरामागच्या त्या पाचांचा हिशेब बघा. सात कोटींच्या वर बंदुका, आणि त्यातल्या नोंदणीकृत एक कोटीसुद्धा नाहीत, असा तो अंदाज आहे.

इथे मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या ओठांवर एकच वाक्य असेल. परवानाधारक कुठे खून करतात हो, खून होतात ते गावठी कट्ट्याने. हे बरंचसं खरं आहे आणि ते नाकारून मला पत्र लिहायचं नाही. दहा वर्षांपूर्वीचे राष्ट्रीय आकडे पाहिले, तर दहा खुनांपैकी साधारण एकच बंदुकीने झालेला दिसतो, आणि त्यातही बहुतेक ठिकाणी हत्यार विनापरवाना. पुण्यात जानेवारी 2024 मध्ये गुंड शरद मोहोळ, सप्टेंबरमध्ये माजी नगरसेवक वनराज आंदेकर, ऑक्टोबरमध्ये मुंबईत माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या प्रकरणांतली पिस्तुलं कोणी माझ्यासारख्या कारकुनाकडे रीतसर अर्ज करून घेतली नव्हती. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीतलं, गावठी पिस्तुलं घडवणारं गाव म्हणून उमर्टी हे नाव आता खानदेशापासून पुण्यापर्यंतच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात माहीत आहे. 2025 च्या फेब्रुवारीत चोपडा पोलिसांच्या पथकावर तिथे हल्ला झाला, एका पोलिसाला ओलीस धरण्यापर्यंत मजल गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या तोडल्या. पोरं गावठी पिस्तुलाला "घोडा" म्हणतात, "सामान" म्हणतात आणि मोबाइलच्या स्टेटसला लावतात. ते रोखणं पोलिसांचं काम आहे आणि अवघड काम आहे.

पण एक प्रश्न मी त्या टेबलावर असल्यापासून विचारत आलोय, आणि त्याचं धड उत्तर मिळालं नाही. पिस्तूल भट्टीवर घडवता येतं. काडतूस येतं का? नळी ठोकून काढणारा कारागीर टोपी, दारू, पितळी केस आणि शिसं यांचं कारखान्यातल्यासारखं जिवंत काडतूस सहजासहजी बनवू शकत नाही. मग बेकायदा पिस्तुलात सापडणाऱ्या कारखान्यातल्या गोळ्या येतात कुठून? काही चोरीच्या असतील, काही दुकानदारांच्या वहीतून गळलेल्या असतील. आणि काही, महोदय, आपण मंजूर केलेल्या कोट्यातल्या असतात. माझ्याकडे एक परवानाधारक दर वर्षी न चुकता मंजुरीची सगळी काडतुसं उचलायचा. विचारलं तर म्हणायचा, "सराव करतो." कुठे करतो? जिल्ह्यात गोळीबाराचं मैदान नव्हतं. रिकाम्या पुंगळ्या मागितल्या, तर "नदीत पडल्या". मी टिप्पणी लिहिली, पुढे काय झालं माहीत नाही, माझं टेबल बदललं. परवान्याचं हत्यार आणि गावठी हत्यार यांच्यात आपण मोठी भिंत असल्यासारखं बोलतो. त्या भिंतीला निदान 7.65 एमएमचं भोक नक्की आहे.

आता बीड. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या परवान्यांची संख्या बाहेर आली, बाराशेहून जास्त, आणि शेजारच्या परभणीत तीसच्या आसपास. वर परळीकडचे हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ. गुन्हे दाखल असलेल्यांच्या नावावरही परवाने निघाले आणि मग रद्द करण्याचे प्रस्ताव धडाधड तयार झाले. सगळीकडे एकच वाक्य, बंदुकांमुळे बीडचं असं झालं.

मी त्या खात्यातला माणूस, म्हणून दोन गोष्टी अडखळवतात. एक, देशमुखांना गोळी घातलेली नव्हती. पाइप, काठ्या, लोखंडी वस्तू. बाराशे परवान्यांच्या जिल्ह्यात राज्य हादरवणारा खून बंदुकीशिवाय झाला. ज्यांनी माणूस संपवायचा ठरवलेला असतो, त्यांना हत्यार कुठलंही चालतं. बंदूक खून करवते तो मुख्यतः ज्यांना करायचा नव्हता त्यांच्या हातून. दुसरी गोष्ट संख्येची. 2016 च्या अखेरीस देशात सुमारे 33 लाख 69 हजार परवाने होते, त्यातले 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात, आणि महाराष्ट्रात 84 हजारांच्या आसपास. त्याला 36 जिल्ह्यांनी भागा. सरासरी दोन हजारांच्या वर जाते. म्हणजे नुसत्या संख्येत बीड राज्यात वरचढ नाही.

मग वरचढ कुठे असेल? माझं आजोळ कणकवलीजवळचं. मामाकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत असे परवाने हजारांच्या घरात आहेत. ती बंदूक भरायची कशी ते मी लहानपणी ओसरीवर बसून पाहिलंय. नळीत मापाने दारू ओतायची, वरून चिंधी, मग लोखंडी गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासणं आणि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. सगळं होईतो रानडुक्कर भात तुडवून पसार. बार एकच. दुसऱ्या बारासाठी सगळं पहिल्यापासून. ती बंदूक माळ्यावर असायची आणि दारू वेगळ्या डब्यात, मामीच्या ताब्यात. या बंदुकांनी अपघात झालेत, शिकारीत अंधारात सोबत्याला छर्रे लागलेत, तेही मी ऐकलंय. पण बाजारात कोणी ती कमरेला लावून फिरत नाही, लग्नात काढत नाही, आणि रागाच्या भरात ती भरेपर्यंत शेजारपाजारचे चार जण मध्ये पडतात.

म्हणून नुसता "किती" हा आकडा मला अपुरा वाटतो. ठासणीची एक आणि कमरेचं पंधरा राउंडचं पिस्तूल एक, आपल्या रजिस्टरात दोन्हींची नोंद सारखीच एका ओळीत होते. एक डुकरासाठी, एक माणसासाठी. आणि माणसासाठीचं ते बहुतेक वेळा वापरायला नसतंच, दिसायला असतं. स्कॉर्पिओच्या डॅशबोर्डवर, ग्रामसभेत शर्ट जरा वर सरकवून, टेंडर उघडायच्या दिवशी. गोळी न झाडता त्याने आपलं काम केलेलं असतं. एका तरुण ठेकेदाराला सुनावणीत साहेबांनी विचारलं होतं, "धोका नेमका कोणापासून?" तो प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "तसा कोणापासून नाही साहेब, पण असलेलं बरं." ते साहेब कडक होते, परवाना दिला नाही. पुढे अपिलात मिळाला असं कळलं. अपिलाबद्दल मी जास्त लिहीत नाही. 2025 मध्ये पुण्यात आयुक्तांनी नाकारलेला परवाना अपिलात मंजूर करण्याचा आदेश निघाला आणि त्यावर किती गदारोळ झाला, ते तुम्ही वाचलंच आहे.

"असलेलं बरं" हे कारण काही देश ऐकूनच घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात 28 एप्रिल 1996 रोजी पोर्ट आर्थरला एका माणसाने 35 जणांना मारलं. तिथल्या सरकारने काही दिवसांतच कायदा बदलण्याचा निर्णय घेतला, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या आणि परवान्यासाठी खरं कारण दाखवण्याची अट घातली. शेती, नेमबाजीची क्रीडा, शिकार ही कारणं चालतात. स्वसंरक्षण चालत नाही. ज्या रकान्यावर आपले निम्मे अर्ज उभे असतात, तो रकानाच नाही. सगळं सुटलं का? नाही. 14 डिसेंबर 2025 ला सिडनीच्या बाँडाय समुद्रकिनाऱ्यावर 15 लोक मारले गेले आणि मारणाऱ्या बापलेकांपैकी बापाकडे सहा बंदुका होत्या, परवान्याच्या. तिथलं सरकार पुन्हा कायद्याकडे वळलं. स्वित्झर्लंडचं उदाहरण मला नेहमी उलट बाजूने दिलं जातं. तिथे शंभरामागे सत्तावीस-अठ्ठावीस बंदुका, तरी खून अगदी थोडे. बरोबर. पण तिथली पुष्कळशी हत्यारं नागरी सैन्याची आहेत आणि 2007 पासून सैनिकांना घरी ठेवायला दिलेल्या गोळ्या सरकारने परत घेतल्या. बंदूक घरी, काडतूस शस्त्रागारात. माझ्या मामीची दारूच्या डब्याची पद्धत, दुसरं काही नाही.

आता तुमच्या हातात काय आहे, ते मला तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. 1959 चा शस्त्र अधिनियम तुम्हाला नाही म्हणण्याचा अधिकार देतो, आणि कलम 17 दिलेला परवाना सार्वजनिक शांततेसाठी काढून घेण्याचाही. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली, आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आणली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच मात्र केली. म्हणजे नूतनीकरणाला माणूस आता पाच वर्षांनी एकदा समोर येतो. त्या वेळी आमच्याकडे काय व्हायचं सांगू? चलन भरलं का, हत्यार तपासलं का, पोलिसांचं "हरकत नाही" आलं का. ज्या धोक्यासाठी परवाना दिला तो धोका अजून आहे का, हे मी अकरा वर्षांत एकदाही कोणाला विचारलं नाही. विचारायला रकानाच नव्हता. तो रकाना तुम्ही तुमच्या जिल्ह्यात एका परिपत्रकाने घालू शकता. शासन निर्णयाची वाट बघायला नको.

पोलीस ठाण्याचा अहवालही तसाच. "गुन्हा दाखल नाही" म्हणजे भांडण नाही असं नव्हे. बांधाचे, वाटणीचे दावे दिवाणी न्यायालयात पडून असतात, तहसीलदाराकडे रस्त्याचे अर्ज असतात, पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंदी असतात. अर्जदाराचा सातबारा काढला आणि त्यावर वाद आहे का एवढं तलाठ्याला विचारलं असतं, तर मला ती टिप्पणी तशी लिहिता आली नसती. एका दिवसाचं काम होतं.

बाहेरच्या राज्यांच्या परवान्यांकडे बघा. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात दिलेल्या दोन लाखांहून जास्त परवान्यांची चौकशी सीबीआयला करावी लागली. दहिसरचं पिस्तूलही परप्रांतातल्या परवान्यावरचंच होतं. तुमच्या शहरातल्या सराफांच्या, बिल्डरांच्या, पुढाऱ्यांच्या दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या खासगी पहारेकऱ्यांचे परवाने कुठले आहेत, त्यांची नोंद तुमच्याकडे झाली आहे का, आणि ड्युटी संपल्यावर ते हत्यार कोणाच्या कपाटात राहतं, हे कोणी तपासतं का? मालकाच्या कपाटात राहत असेल, तर तो मालकाचाच परवाना झाला, अर्जाशिवाय.

आणि हत्यार हाताळणं येतं का, हेही बघा. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात लागली. लोक हसले. मी हसलो नाही, कारण भरलेलं हत्यार कपाटात ठेवणारे परवानाधारक मला नावानिशी आठवत होते.

आकडे जाहीर करा, एवढी एक विनंती मी माझ्या पाच जिल्हाधिकाऱ्यांकडे केली होती. नावं नकोत. ती उघड केली तर चोरांनाच पत्ता मिळेल. तालुकानिहाय संख्या, हत्याराचा प्रकार, परवान्याचं कारण आणि वर्षभरात रद्द किंवा निलंबित केलेले किती. एका पानात मावतं. बीडचे आकडे बाहेर यायला एका सरपंचाचा जीव जावा लागला. तुमच्या जिल्ह्याचे आकडे तुम्ही 26 जानेवारीला जिल्ह्याच्या माहिती पुस्तिकेत छापा. मग पत्रकार, वकील आणि ग्रामसभेतली माणसंच विचारतील, आमच्या तालुक्यात अमुक इतके परवाने "रोख रकमेची ने-आण" या कारणाखाली कसे? इतके रोख पैसे आमच्या तालुक्यात आहेत हे आम्हालाच माहीत नाही!

पुढची निवडणूक आली, की हत्यारं जमा होतीलच. या वेळी ती परत देण्याआधी एक काम करून बघा. प्रत्येक पुठ्ठ्याच्या चिठ्ठीमागे परवान्याचं कारण लिहायला सांगा, आणि परत न्यायला आलेल्या माणसाला विचारा, गेल्या दीड महिन्यात याच्यावाचून तुमचं काय अडलं? ज्यांचं खरंच अडलं असेल, ते सांगतील. रानडुकराने भात खाल्लं, पहारा देता आला नाही. त्यांना त्याच दिवशी परत द्या. बाकीच्यांची उत्तरं लिहून घ्या आणि फाइलीला लावा.

या पत्राची एक प्रत मी टपालाने स्वतंत्र पाठवत आहे. आवक क्रमांक टाकून पोच दिल्यास आभारी राहीन.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून